गरम गाडी पुन्हा सुरू का होत नाही

मे महिन्यात बडोद्याच्या रावपुऱ्यात जुनी अॅम्बॅसेडर दहा-पंधरा मिनिटं उभी करा आणि परत येऊन सेल्फ मारा. इंजिन फिरतं, पण उचलत नाही. मग कॉइल बदला, कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोला, असं सुरू होतं. बहुतेक वेळा खर्च वाया जातो, कारण या दुखण्याचं मूळ गाडीच्या घडणीतच आहे.

१८९३ साली विल्हेल्म मायबाखने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर बनवला. तेव्हापासून फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीत, थोडं पेट्रोल इंजिनाला लागूनच साठलेलं असतं, तेही साध्या हवेच्या दाबाखाली. अॅम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिच्या १४८९ सीसीच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारी वाट) आणि गरम एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारी वाट) एकाच बाजूला. इंग्लंडच्या हिवाळ्यात पेट्रोलची वाफ नीट व्हायला एक्झॉस्टची ही ऊब हवीच होती. आपल्याकडे तीच नडते.

गाडी चालू असेपर्यंत पंखा आणि टाकीतून येणारं ताजं पेट्रोल निभावून नेतात. बंद केली की दोन्ही थांबतं आणि ब्लॉकची धग वर चढते. पेट्रोलमधले हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतात. चेंबरमधलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये सांडलं, तर गाडी फ्लड होते, म्हणजे पेट्रोल जास्त झाल्याने सुरू होत नाही. पंपात किंवा नळीत वाफ धरली, तर पुढे पेट्रोलच येत नाही.

त्यात इथेनॉल आलं. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभर सरासरी १० टक्के, आता २० टक्क्यांपर्यंत. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की मिश्रणाची वाफ अधिक सहज होते. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या नव्या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली असल्याने हा त्रास फारसा जाणवत नाही, म्हणून तरुण मेकॅनिकच्या तो चटकन लक्षात येत नाही.

म्हणून आधी एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकवा. आत ओल आणि पेट्रोलचा उग्र वास असेल, तर चोक न ओढता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली करू नका. घसा कोरडा असेल, तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून थोडं थांबा. कायमचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखाली बेकलाइटचं (धग अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचं) जाड पॅकिंग, एक्झॉस्टच्या वर पत्र्याचा आडोसा आणि त्यापासून लांबून नेलेली नळी. नळी बदलताना इथेनॉलला टिकणारं रबर मागून घ्या. जुनं रबर फुगून तडकतं, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटू शकते.