नाण्यांवरचे कुरूप राजे

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी 13,000 हून अधिक आणि सगळी मुळात एकाच राजाची, पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षहरात वंशातल्या क्षत्रप (शक राजांची पदवी) नहपानाची. एकेक नाणं साधारण दीड सेंटिमीटर रुंद, वजनाला दोन ग्रॅमच्या थोडं वर. दर्शनी बाजूवर उजवीकडे पाहणारं राजाचं मस्तक. इतकी नाणी शेजारी शेजारी मांडली की लगेच लक्षात येतं, राजा एक असला तरी चेहरे अनेक आहेत. कुठे नाक बाकदार, कुठे बसकं. कुठे गाल भरलेले, कुठे पार खप्पड. साठ्याचा अभ्यास करणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांना तर वाटलं, ही सगळी चित्रं एका माणसाची नसावीत, नहपानाच्या घराण्यातल्या निरनिराळ्या व्यक्तींची असावीत.

मला हे पटत नाही. नाण्यांवर नाव नहपानाचंच आहे आणि या फरकांचा उलगडा टाकसाळीतच होतो. त्या काळी ठसा हाताने कोरत. नाण्यावर जे उठून दिसायचं ते ठशात खोल खणायचं, जे उजवीकडे पाहणार ते डावीकडे कोरायचं, आणि हे सगळं नखाएवढ्या जागेत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वरचा ठसा हातात धरून हातोड्याचा घाव. असे हजारो घाव खाऊन ठसा झिजतो, त्याला तडे जातात आणि मग नवा कोरावा लागतो. नवा कारागीर, नवा हात. नाकाची रेघ केसभर जास्त खोल गेली, तर नाण्यावरचा राजा गरुडनाक्या होतो. नहपानाच्या लाखो नाण्यांसाठी असे कितीतरी ठसे लागले असतील, आणि ते कोरणाऱ्यांपैकी किती जणांनी राजाला प्रत्यक्ष पाहिलं असेल?

पण नाण्यांवरची सगळीच कुरूपता अशी नकळत आलेली नाही. बॅक्ट्रियाचा (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागातला) ग्रीक राजा युथिडेमस पहिला याची सुरुवातीची नाणी देखण्या पुरुषाची आहेत. उतारवयातल्या नाण्यांवर मात्र जबडा सैल पडलेला, गाल लोंबलेले. त्याला म्हातारा दाखवायची कोणावरही सक्ती नव्हती, तरी दाखवला. कुषाण राजा विम कडफिसेसच्या सोन्याच्या नाण्यांवर जाडजूड देह, मोठं नाक आणि गालावर चामखीळ दिसते. पार्थियाच्या, म्हणजे प्राचीन इराणच्या, ओरोडेस दुसरा आणि फ्राटेस चौथा या बापलेकांच्या कपाळावर गाठ कोरलेली आहे. दोन पिढ्यांत एकाच जागी गाठ असल्यामुळे काही वैद्यकतज्ज्ञांनी ती त्वचेच्या आनुवंशिक विकाराची खूण मानली. निदान बरोबर असो वा नसो, ती गाठ कारागिराने लपवली नाही हे खरं. ती राजघराण्याची ओळखच बनली असेल, तर लपवण्यात तोटाच होता.

इजिप्तच्या टॉलेमी घराण्यातली राणी क्लिओपात्रा हिचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. इ. स. पू. 32 च्या सुमाराच्या चांदीच्या दिनारांवर एका बाजूला रोमन सेनानी मार्क अँटनी आहे, दुसऱ्या बाजूला ती. लांब टोकदार नाक, पुढे आलेली हनुवटी, पातळ ओठ. 2007 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या अशा एका नाण्याची बातमी झाली आणि ‘क्लिओपात्रा सुंदर नव्हती’ असे मथळे झळकले. मथळे देणाऱ्यांनी नाण्याची दुसरी बाजू नीट पाहायला हवी होती. तिचं नाक-हनुवटी अँटनीच्या नाक-हनुवटीशी जुळवून घेतलेली दिसते. शिवाय तिच्या वडिलांच्या, बाराव्या टॉलेमीच्या नाण्यांवरही असंच बाकदार नाक आहे. मी टॉलेमींची वारस आहे आणि रोमच्या बलाढ्य सेनानीच्या बरोबरीची आहे, हे सांगायला तिला तोच चेहरा हवा होता. त्या दोन सेंटिमीटरच्या चकतीवरून तिचं रूप ठरवणं हा निव्वळ अन्याय आहे.

कधी कधी चेहरा बिघडवायला कारागीर लागतच नाही, धातू पुरतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने 1544 पासून नाण्यांतली चांदी झपाट्याने कमी केली. 1546 पर्यंत ती जेमतेम एक तृतीयांश उरली, बाकी तांबं. चकत्यांच्या पृष्ठभागावरचं तांबं आम्लाने काढून टाकलं की वर चांदीचा पातळ थर राहतो आणि नवं नाणं शुभ्र दिसतं. पण हेन्रीचा चेहरा समोरून कोरलेला होता, आणि अशा चेहऱ्यात सगळ्यात उंच भाग नाकाचा. हाताळून हाताळून आधी तोच झिजला आणि आतलं तांबं लालसर दिसू लागलं. लोकांनी राजाला ‘तांबडनाक्या’ ठरवलं. हाच थर आजच्या अभ्यासकांनाही चकवतो. नाण्यावर क्ष-किरण टाकून त्यातले धातू मोजण्याची पद्धत फक्त वरचा अगदी पातळ भाग पाहते. जमिनीत शेकडो वर्षं पडून तांबं निघून गेलेलं असेल, तर चांदीचं प्रमाण फसवं जास्त येतं.

आता ज्या नाण्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. गुजरात, राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्रात गधैया नाणी मोठ्या संख्येने मिळतात. त्यांवर चेहरा आहे, पण तो सांगितल्याशिवाय कळत नाही. एक जाड रेघ म्हणजे नाक. एक ठिपका म्हणजे डोळा. ओठांच्या जागी आणखी दोन ठिपके, मागे काही समांतर रेषा. मागच्या बाजूला रेषा आणि ठिपक्यांचा एक खांब. हा चेहरा मुळात इराणच्या सासानी सम्राट पेरोझचा (459 ते 484), आणि खांब म्हणजे त्याच्या नाण्यावरची अग्निवेदी. पेरोझ हेफ्थलाइट हूणांच्या कैदेत पडला, सुटकेसाठी त्याची चांदी त्यांच्याकडे गेली, आणि हूणांनी त्या नाण्यांच्या नकला पाडल्या. पुढे पश्चिम भारतात त्या नकलांच्या नकला निघत राहिल्या, पाच-सहाशे वर्षं.

प्रत्येक कारागिरासमोर नमुना म्हणून होतं ते आधीचं, बहुधा झिजलेलं नाणं. मुकुटाचे पंख त्याला पंख म्हणून दिसले नाहीत, रेषा म्हणून दिसले. त्याने रेषा कोरल्या. त्यात नाण्याचा आकारही बदलत गेला. पेरोझचं नाणं पातळ, जवळजवळ तीन सेंटिमीटर रुंद आणि सुमारे चार ग्रॅमचं होतं. नंतरच्या गधैयांचं वजन साधारण तेवढंच राहिलं, पण रुंदी निम्म्यावर आली आणि जाडी वाढली. चकती ठशाहून लहान, त्यामुळे चित्राचा काही भाग बाहेरच राहायचा. पुढच्या नकलेला तो भाग मिळायचाच नाही.

पुस्तकांत या नाण्यांना सर्रास ‘भ्रष्ट’ म्हटलेलं आढळतं, आणि त्यातून कारागीर अडाणी होते असा अर्थ निघतो. याला माझा ठाम विरोध आहे. चांगलं गधैया नाणं भिंगाखाली धरा. ठिपके गोल आहेत, रेषा सफाईदार आणि एका अंतरावर आहेत. थरथरत्या हाताला हे जमत नाही. आणि उत्तर कोकणात ही नाणी चालत होती तेव्हा तिथे राज्य शिलाहारांचं होतं. 1060 चा शिलालेख असलेलं अंबरनाथचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं. ज्या मुलखात दगडात मंदिरावरची मुखं कोरणारे हात होते, तिथे नाण्यावर एक नाक-डोळा नीट काढणारा मिळाला नसेल, यावर विश्वास कसा ठेवायचा?

चेहरा सुधारला नाही, कारण तो सुधारणं धोक्याचं होतं. व्यापाऱ्याला नाण्यावर कोण आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. ओळखीचा छाप आणि चोख वजन, एवढं त्याला पुरे. नवं, सुबक चित्र दिसलं असतं तर त्याने ते नाणं परत केलं असतं किंवा बट्टा लावून घेतलं असतं. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचं चांदीचं नाणं तिच्या मृत्यूनंतरही कितीतरी वर्षं 1780 हेच साल घालून पाडलं जात होतं, तेही याच कारणाने. तांबड्या समुद्राच्या बाजारांना तेच हवं होतं.

शिलाहार राजा छित्तराजाच्या नाण्यांवर हे स्पष्ट दिसतं. एका बाजूला तोच रेषा-ठिपक्यांचा, कोणालाही न ओळखू येणारा पेरोझ त्याने तसाच ठेवला आहे. दुसऱ्या बाजूची अग्निवेदी मात्र काढून टाकली आणि तिथे नागरी अक्षरांत स्वतःचं नाव घातलं.