जामीन मंजूर झाला, तरी माणूस नाशिकरोडला आतच आहे? नातेवाइकांनी काय करायचं, कुठे जायचं

कोर्टाने जामीन दिला की घरच्यांना वाटतं, संध्याकाळपर्यंत माणूस घरी येणार. ज्यांच्याकडे जमीन-जुमला आहे त्यांचं तसं होतंही. पण पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला आलेल्या माणसाला पंचवीस हजारांचा जामीनदार आणायला सांगितलं, तर जामिनाचा आदेश होऊनही तो नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात कितीतरी दिवस अडकून पडतो. गुन्हा सिद्ध झालेला नसतो, बाहेर राहायला कोर्टाचीच परवानगी असते. अडतं ते कागदांवर. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून निकाली न लागलेले. यातला जो जामीन मिळूनही आत आहे, त्याला बाहेर काढायचे रस्ते कायद्यात आहेत. ते घरच्यांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

वकील नसेल तर

कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये कोठडीतली व्यक्ती हा वेगळा गट आहे, तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. त्यामुळे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणायला पळू नका. नाशिकच्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज द्या. कैद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि कोणत्या कोर्टात केस आहे, एवढं लिहिलं तरी काम सुरू होतं. कैदी स्वतः तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रातून असाच अर्ज करू शकतो. १५१०० हा विधी सेवेचा देशभराचा क्रमांक आहे. फौजदारी बचावासाठी लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील नेमले जातात, त्यांना फी द्यायची नसते. कोणी मागितली तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

जामीनदाराचे कागद

जामीनदार म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील याची हमी घेणारा माणूस. त्याचं आधार कार्ड, रेशनकार्ड, फोटो आणि ऐपत दाखवणारा कागद लागतो. ऐपतीसाठी चालू तारखेचा सातबारा, घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र चालतं. काही कोर्टं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या. याआधी किती जणांना जामीन राहिलोय हेही जामीनदाराला कोर्टापुढे लिहून द्यावं लागतं, ते खरंच लिहायचं.

आदिवासी पट्ट्यात एक जास्तीची अडचण येते. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, म्हणून तो ऐपत म्हणून दाखवणं अवघड जातं. अशा वेळी कोर्टाबाहेर कोणीतरी भेटतोच, ‘दोन हजार द्या, जामीनदार मी देतो’ म्हणणारा. त्याच्या नादी लागू नका. कागद खोटे निघाले तर जामीन जातो, वर नवा गुन्हा लागतो, आणि मग खरा जामीनदार आणला तरी कोर्टाचा विश्वास बसणं कठीण.

‘जामीनदार नाशिक जिल्ह्यातलाच हवा’ असं कोणी सांगितलं तर ते मुकाट ऐकून घेऊ नका. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. इतकी वर्षं झाली, तरी नंदुरबारच्या किंवा गुजरातमधल्या डांगच्या मजुराला आजही तेच ऐकावं लागतं.

सात दिवस, एक महिना

माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट हीच. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने क्रम घालून दिला आहे. जामीन देणाऱ्या कोर्टाने आदेशाची प्रत ईमेलने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला पाठवायची. जामिनाची तारीख तुरुंगाच्या ई-प्रिझन प्रणालीत नोंदवायची. त्या तारखेपासून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगाला भेट देणारा वकील पाठवून अडचण काय आहे ती बघायची. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं. बाहेर आल्यावर जामीनदार आणतो असं कैदी म्हणत असेल, तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीनही देता येतो.

हे आपोआप होईल म्हणून घरी बसू नका. आठव्या दिवशी जामीन आदेशाची प्रत घेऊन प्राधिकरणात जा, ‘सुटका झालेली नाही’ असा एक पानी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेवर तारीख असली की पुढची विचारपूस सोपी होते. सोबत वकिलाकडून त्याच कोर्टात अटी शिथिल करण्याचा अर्ज टाका. त्यात तीन गोष्टी मागता येतात: रक्कम कमी करा, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या, किंवा जातमुचलक्यावर सोडा. मुचलक्याची रक्कम अवाजवी नसावी असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४८४ मध्ये लिहिलेलंच आहे, आणि ती कमी करायचे अधिकार सत्र न्यायालयाला आहेत. अर्जात गरिबीचं नुसतं वर्णन करू नका. माणूस गावात किती वर्षं राहतो, घरात कोण आहेत, मुलं कोणत्या शाळेत आहेत, कामावर कोण ठेवतं, हे लिहा. ग्रामपंचायतीचा रहिवास दाखला, शाळेचा बोनाफाईड, बागायतदाराची चिठ्ठी जोडा. माणूस पळून जाणार नाही हे घट्ट नात्यागोत्यातून दिसतं, सातबाऱ्यातून फारसं दिसत नाही.

गुन्हा जामीनपात्र असेल तर गोष्ट आणखी सोपी. अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, की तो माणूस निर्धन आहे असं गृहीत धरून त्याला मुचलक्यावर सोडायचं, असं याच संहितेचं कलम ४७८ सांगतं.

पैसेच नसतील तर

केंद्र सरकारची गरीब कैद्यांना सहाय्य करणारी योजना २०२३ पासून आहे. जामिनाची रक्कम भरायची ऐपत नसलेल्या कच्च्या कैद्यासाठी सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत ४०,००० रुपयांपर्यंत तरतूद होती. सध्याची मर्यादा प्राधिकरणात विचारा. वेगळा फॉर्म शोधत बसू नका, प्रकरण तुरुंगाकडून प्राधिकरणाकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातं. जिल्हाधिकारी, प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि एक न्यायाधीश असे पाच जण समितीत असतात. घरच्यांनी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. भ्रष्टाचार प्रतिबंध, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (दहशतवादी व बेकायदा कारवायांविरोधातला कायदा) या कायद्यांखालच्या आरोपींना ही मदत मिळत नाही.

जामीनच मिळालेला नसेल आणि आत खूप दिवस झाले असतील, तर त्याच संहितेचं कलम ४७९ बघा. आधी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला मुचलक्यावर सोडायचं. इतरांसाठी ही मुदत निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकापेक्षा जास्त गुन्हे चालू असतील तरी नाही. मुदत भरली की कोर्टाला अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांची आहे. ही संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ च्या आधीच्या केसेसनाही हा फायदा मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

सुटल्यानंतर

आदेश तुरुंगात पोचायला उशीर झाला तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, त्यामुळे कागदांचं काम सकाळीच उरका. दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात नाव आहे का, तेही आधी विचारा, नाहीतर फाटकाशी वाट बघत बसायची वेळ येते.

बाहेर आल्यावरचा खरा धोका तारीख चुकण्याचा. तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि जामीन धोक्यात येतो. न्यूयॉर्क शहरात समन्सचा कागद सोप्या भाषेत केला आणि मोबाईलवर आठवण पाठवली, तेव्हा कोर्टातली गैरहजेरी कमी झाली. आपल्याकडे प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांनी आदल्या संध्याकाळी एक फोन केला, तरी किती वॉरंटं टळतील! तोवर घरातल्या कोणीतरी ई-कोर्ट्स ॲपमध्ये केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकून ठेवा, पुढची तारीख तिथे दिसते.

हजेरीची अटही बघा. सुरगाण्याच्या माणसाला दर सोमवारी नाशिक शहरातल्या ठाण्यात बोलावलं, तर आठवड्याची एक मजुरी जाते, वर एसटीचं भाडं. ही अट घराजवळच्या ठाण्यावर आणण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो, आणि माझ्या मते तो पहिल्याच महिन्यात करावा. हजेरी लावली की सही झालेल्या नोंदीची तारीख स्वतःच्या वहीतही लिहा. वॉरंट निघालंच तर लपून राहू नका, वकिलाला घेऊन स्वतः कोर्टात जा आणि ते रद्द करायचा अर्ज द्या.

रोख जामीन भरला असेल तर मूळ पावती जपून ठेवा, तिचे दोन झेरॉक्स काढा. केस संपल्यावर त्याच कोर्टात अर्ज केला की, अटी मोडलेल्या नसतील तर, रक्कम परत मिळते. योजनेतून भरलेले पैसे मात्र सरकारच्या खात्यात जातात.