पैसे भरून काढलेलं पुस्तक ‘स्वप्रकाशित’ नसतं

प्रकाशक स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतो आणि लेखकाला रॉयल्टी देतो, ही पहिली वाट सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो तो उरलेल्या दोन वाटांत. एकीत लेखक स्वतःच प्रकाशक होतो. दुसरीत तो एखाद्या संस्थेला ‘पॅकेज’चे पैसे भरतो आणि पुस्तक त्या संस्थेच्या नावाने निघतं. खिसा दोन्हीकडे लेखकाचाच रिकामा होतो, म्हणून दुसऱ्या वाटेने गेलेलेही बिनदिक्कत ‘सेल्फ पब्लिश केलं’ म्हणून सांगतात. पॅकेज विकणाऱ्यांना हा गैरसमज सोयीचाच असतो.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. छपाईचा दर्जा दोन्हीकडे सारखाच असू शकतो, कारण छापखाने तेच असतात. आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचं, कौतुक तर पुरे झालं. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनाशुल्क देते आणि लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. पॅकेजमध्ये ‘आयएसबीएनसह’ असं ठळक छापून कोणी त्याचे पैसे लावत असेल, तर तिथूनच परत फिरावं. आणि त्या क्रमांकाचा कॉपीराइटशी संबंध नाही. १९५७ च्या कायद्यानुसार लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क आपोआप असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी.

खरा प्रश्न एकच: छापून आलेल्या प्रती कोणाच्या?

समजा, २५० रुपये किमतीच्या ५०० प्रती काढायच्या आहेत. तुम्ही स्वतः मुद्रितशोधक, अक्षरजुळणी करणारा, मुखपृष्ठकार आणि छापखाना गाठलात आणि सगळं मिळून ६०,००० रुपये लागले. पाचशेच्या पाचशे प्रती तुमच्या. विक्रेत्याला ४० टक्के कमिशन दिलं तरी प्रतीमागे १५० रुपये हातात येतात. ४०० प्रती खपल्या की खर्च वसूल, आणि ओळखीच्या माणसाला थेट विकलेल्या प्रतीचे पूर्ण २५० तुमचे.

आता तेच ६०,००० पॅकेजपोटी भरा. प्रती संस्थेच्या, तुम्हाला भेट म्हणून थोड्या, आणि विक्रीवर १० टक्के रॉयल्टी. म्हणजे प्रतीला २५ रुपये. पैसे वसूल व्हायला २,४०० प्रती खपाव्या लागतील, आणि आवृत्ती आहे ५०० ची! सगळी आवृत्ती संपली तरी रॉयल्टी होते १२,५००. रॉयल्टी हा मोबदला असतो तो प्रकाशकाने जोखीम घेतलेली असते तेव्हा. इथे जोखीम घेतलीत तुम्ही, आणि तुमच्याच पैशांतून छापलेल्या पुस्तकावर दहा टक्के तुम्हालाच ‘दिले’ जातात. वर लेखक ते अभिमानाने सांगतात, याचा मला खरोखर वैताग येतो.

मार्केटिंगचं रडगाणंही इथूनच सुरू होतं. ‘संस्थेने पुस्तक पोचवलंच नाही’ ही तक्रार नेहमीची. पण का पोचवावं? तिचा नफा पहिली प्रत विकायच्या आधीच जमा झालेला असतो. पॅकेजमधली ‘प्रसिद्धी’ म्हणजे दोन-तीन पोस्टर आणि फार तर शाल-श्रीफळाचा समारंभ, जिथे निम्म्या प्रती पाहुण्यांना फुकट वाटल्या जातात.

स्वतः प्रकाशक झालात की विकणं तुमच्याच गळ्यात पडतं, हे खरं. पण मराठीत त्याची एक जुनी आणि उत्तम सोय आहे: प्रकाशनपूर्व सवलत. २५० चं पुस्तक छापण्याआधी १८० ला जाहीर करायचं, पैसे आणि पत्ते घ्यायचे. भांडवल तर जमतंच, शिवाय ५०० छापायच्या की २०० तेही कळतं. एखादं प्रकरण आधी दिवाळी अंकात आलं असेल तर मागणी आणखी सोपी. जोडीला ई-बुक काढावं. ॲमेझॉनच्या किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी आहे. मात्र भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर ई-बुक काही काळ फक्त तिथेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते, नाहीतर ३५ टक्के.

पैसे भरून प्रकाशन हे काही पाप नव्हे. ज्यांना धावपळ जमत नाही आणि वाटायला शंभरेक प्रती हव्यात, त्यांनी खुशाल घ्यावं. मात्र पहिलंच पुस्तक असेल तर त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघावी.

तरीही पॅकेजच घ्यायचं ठरलं, तर सहीपूर्वी करारात तीन गोष्टी शोधा: उरलेल्या प्रती कोणाच्या, तुम्हाला त्या किती दराने मिळणार, आणि हक्क किती वर्षांसाठी दिले. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पण ‘कायमस्वरूपी’ हा शब्द बहुतेकदा मागच्या पानावर बारीक टाइपात असतो. तो खोडायला सांगा. नकार आला तर हस्तलिखित घेऊन थेट छापखान्याकडे जा.