मायावरण

मायावरण म्हणजे रंग, ठिपके, पट्टे आणि अंगाची ठेवण यांच्या बळावर प्राण्याने भोवतालात मिसळून जाणे. जीव वाचवायला ते जसे उपयोगी पडते, तसेच शिकार साधायलाही. विदर्भात ते पाहायला ताडोबा किंवा मेळघाटच गाठावे लागते असे नाही. गावाजवळचे वावर आणि धुराही, म्हणजे वावराचा बांधही, पुरतो.

टिटवी काड्याकाटक्यांचे घरटे बांधत नाही. पडीक वावरात, गोट्यांमधल्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळे डाग, त्यामुळे पायाशी असली तरी ती नजरेत भरत नाहीत. माणसाची चाहूल लागताच टिटवी आधी गुपचूप चालत दूर जाते आणि मग ओरडत उठते. ती उठली ती जागा शोधत गेले, तर हाती नुसते गोटे लागतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जोराचा, अशी खेड्यापाड्यांत समजूत आहे.

रातवा याहूनही पक्का. सागाची पानगळ झाली की हा निशाचर पक्षी दिवसभर वाळल्या पानांवर डोळे किलकिले करून पडून राहतो. पिसांवर तपकिरी, राखाडी, काळ्या रंगांची अशी बारीक नक्षी असते की पान कुठे संपले आणि पक्षी कुठे सुरू झाला हे कळत नाही. पाय अगदी जवळ पडेपर्यंत तो हलत नाही. त्याची दोन अंडीही तशीच उघड्यावर असतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेव्हा त्या अंड्यांना हे लपणे कामी येत नाही. वर काळ्या पडलेल्या जमिनीवर राखाडी रातवा लांबूनच दिसतो.

वाघाचा केशरी रंग आपल्याला भडक वाटतो. चितळ-सांबराला मात्र लाल-केशरी छटा वेगळी ओळखता येत नाही, ती हिरवटच भासते. त्यात पट्ट्यांनी अंगाची कड तुटते, आणि वाळल्या गवतात वाघ उरत नाही, गवतच उरते. हरभऱ्यावरची हिरवी घाटेअळीही अशीच घाट्याच्या रंगात लपते; शेतकऱ्याला आधी घाट्याला पडलेले भोक दिसते, अळी मागाहून. सरडा रंग बदलतो म्हणून त्याचे नाव बद्दू झाले आहे, पण विणीच्या हंगामात नराचे डोके-मान लालभडक होते ती लपण्यासाठी नव्हे, मिरवण्यासाठी.

माणसाच्या जिवाशी गाठ पडते ती परडीशी, म्हणजे घोणशीशी. तपकिरी अंगावर साखळीसारखे गडद डाग. पाचोळ्यात आणि कापसाच्या वाळल्या झाडांच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या, ढिगाजवळ ती मातीत मिसळून जाते. आपल्या मायावरणाच्या भरवशावर ती बरेचदा पळून न जाता जागीच पडून राहते, आणि म्हणूनच तिच्यावर पाय पडतो. रब्बीत रात्रीच्या विजेवर ओलीत करणाऱ्याने बॅटरी आणि घोट्याच्या वर येणारे बूट यांशिवाय बांधावर पाऊल टाकू नये.