किरमिजी: अरारातच्या क्षारपड जमिनीतला रंग

किरमिजी हा शब्द आता साडीच्या दुकानातही क्वचितच ऐकू येतो. सगळे 'मरून' म्हणून मोकळे होतात. पण हा शब्द मोठा प्रवास करून आपल्याकडे आलेला आहे. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा. संस्कृतातली कृमी त्याची सख्खी बहीण. किड्यापासून निघणाऱ्या लाल रंगाला अरबी-फारसी मुलुखात 'किर्मिझ' म्हणू लागले आणि त्यातूनच आपला किरमिजी आला. आर्मेनियन भाषेत लाल म्हणजे 'कार्मिर'; तोही याच कुळातला. आणि ज्या किड्यामुळे आर्मेनियाचा लाल रंग प्रसिद्ध झाला, त्याचे तिथले नाव 'वोर्दान कार्मिर', म्हणजे अळीचा लाल. फोड करत बसलात तर 'किड्याचा किडा' असे काहीतरी हाती लागेल. भाषेला त्याचे काही वाटत नाही.

हा किडा अरारात पर्वताच्या पायथ्याशी पसरलेल्या मैदानात, खाऱ्या दलदलीत राहतो. 'पोर्फिरोफोरा हामेली' हे त्याचे शास्त्रीय नाव. आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली जातो. वसंतात अंड्यांतून निघालेली पिल्ले लव्हाळ्यासारख्या खारट गवताच्या आणि बोरूच्या मुळांना चिकटतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती कवच करून बिनपायांच्या गोळीसारखी पडून राहतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूर्ण वाढलेल्या माद्या पहाटे माती उकरून वर येतात. एकेक मादी सेंटिमीटरभर लांब, गडद लाल. नर चिमुकला आणि पंखवाला. प्रौढ झाल्यावर दोघांनाही तोंडच नसते, त्यामुळे खाण्याचा प्रश्न मिटला. दुपारच्या आत मीलन उरकते, मादी पुन्हा मातीत शिरते, अंडी घालते आणि मरते. रंग गोळा करणाऱ्यांना सापडायची ती एवढीच वेळ: वर्षातला एक महिना आणि त्या महिन्यातल्या सकाळी.

आता प्रश्न असा की चहूकडे डोंगर असलेल्या, समुद्रापासून दूरच्या देशात खारी दलदल आली कुठून? आजचे आर्मेनिया प्रजासत्ताक २९,७४३ चौरस किलोमीटरचे, महाराष्ट्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे. पण त्याची सरासरी उंची आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा जास्त आहे. अरबस्तानचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियाला रेटतो आहे. हिमालय ज्या प्रकारच्या रेट्याने उभा राहिला, तसाच हा रेटा. त्यातून हे पठार वर आले, ठिकठिकाणी फाटले आणि ज्वालामुखी उफाळले. ४,०९० मीटरचा आरागात्स ज्वालामुखी, पूर्वेकडची गेघामा रांग ज्वालामुखींची, आणि मैदानापलीकडे उभा ५,१३७ मीटरचा अरारातही ज्वालामुखीच. तो १८४० मध्ये भूकंपासह हादरला आणि त्याच्या उतारावरचे आकोरी गाव गाडले गेले.

ज्वालामुखीचा खडक भेगाळ आणि सच्छिद्र असतो. डोंगरावरचे बर्फ वितळले की बरेचसे पाणी ओढ्यांतून वाहण्याऐवजी खडकात मुरते आणि लाव्ह्याच्या थरांमधून मैदानाकडे उतरते. मैदानात वर चिकणमातीचे थर आहेत. पाणी त्यांच्याखाली दाबले जाते आणि जिथे वाट मिळेल तिथे उसळून वर येते. सेव्ह्जूर, म्हणजे 'काळे पाणी', ही नदी अशा झऱ्यांवरच वाहते. इकडे मैदानात पाऊस पडतो वर्षाला २५०–३०० मिलिमीटर आणि उन्हाळा कडक. भूजल जमिनीच्या अगदी जवळ. ते मातीच्या बारीक छिद्रांतून, केशाकर्षणाने, वर चढते, उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसवाल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको, त्यांच्याकडे याला क्षारपड म्हणतात. फरक इतकाच की आपल्याकडे ती माणसाने पाटाचे पाणी अति पाजून केली, तिथे ज्वालामुखी आणि उन्हाने. शेतकऱ्याच्या दृष्टीने वाया गेलेल्या या जमिनीवर जे गवत तगले, त्याच्या मुळांवर हा किडा जगला.

याच मैदानात आर्मेनियन इतिहासाची मोठी शहरे झाली. राजा आर्ताशेसने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वसवलेले आर्ताशात, त्यानंतरची राजधानी ड्विन. नवव्या शतकातला अरब इतिहासकार अल-बलाधुरी आर्ताशातला चक्क किर्मिझचे गाव म्हणतो. इथून रंग आणि रंगवलेले कापड दूरच्या बाजारांत जात असे. एक खुलासा मात्र करायला हवा: जुन्या कागदपत्रांत किर्मिझ लिहिलेले दिसले की तो अरारातचाच किडा, असे समजू नये. भूमध्य समुद्राकाठच्या ओक झाडांवर वेगळा किडा होता, पोलंडकडे आणखी वेगळा. नाव बहुधा एकच. आपली लाख आणि तिचा लाल रंग हे आणखी वेगळे प्रकरण.

रंग देणारे द्रव्य म्हणजे कार्मिनिक आम्ल. लोकर किंवा रेशीम आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायचे. तुरटीतले ॲल्युमिनियम धाग्याला धरते आणि रंगाच्या रेणूला आपल्याशी बांधते. अरारातच्या किड्याची अडचण त्याच्या चरबीत आहे. वाळवलेल्या किड्यात रंग अगदी थोडा, एक टक्क्याच्या आसपास, आणि चरबी भरपूर. ती काढल्याशिवाय रंग नीट उतरत नाही. म्हणून हजारो किडे वेचायचे आणि वर हा खटाटोप. महाग होणारच.

महाग रंग जिथे जायचा, त्यात एक जागा होती पोथ्यांची. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्सने आर्मेनियन लिपी घडवली, ३६ अक्षरांची. तेव्हापासून या लोकांनी लिहिण्याचे जे वेड घेतले, त्याला तोड नाही. राजधानी येरेवानच्या मातेनादारान या संग्रहालयात वीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. अक्षरांच्या आरंभी नक्षी, समासात पक्षी, आणि लाल रंगाची उधळण. त्यातला काही लाल खनिजांचा, काही या किड्याचा. तिथलाच एक ग्रंथ मुश या शहराचा, १२००–०२ मध्ये लिहिलेला, वजन २८ किलो. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहारात दोन बायकांनी त्याचे दोन भाग केले. एक भाग त्यांनी एच्मियाद्झिनच्या, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या, धर्मपीठापर्यंत पोहोचवला, दुसरा वाटेत एर्झुरुमजवळ पुरला. तो नंतर सापडला. नरसंहारानंतर पठाराचा पश्चिमेकडचा मोठा भाग, व्हान सरोवर, आनीचे भग्न शहर, मुश, सगळे सीमेपलीकडे तुर्कस्तानात राहिले. अरारातसुद्धा. येरेवानच्या गच्चीतून तो रोज दिसतो, पण सीमा बंद आहे.

किड्याचा धंदा मात्र त्याच्या कितीतरी आधी मेला होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांनी मेक्सिकोहून कोचिनील आणले. निवडुंगावर वाढणारा हा किडा माणूस पाळू शकतो, चरबी कमी आणि रंग कित्येक पट जास्त, द्रव्य मात्र तेच कार्मिनिक आम्ल. बाजाराने फार विचार केला नसावा. एकोणिसाव्या शतकात एच्मियाद्झिनच्या एका धर्मगुरूने जुनी कृती पुन्हा जमवण्याचे प्रयोग केले, पण तोपर्यंत कृत्रिम रंग दाराशी येऊन ठेपले होते.

पुढे सोव्हिएत काळात दलदली उपसून त्यांची शेते झाली. पोट भरायचे तर चूक म्हणता येत नाही. १९८७ मध्ये जाग आली आणि ज्रारात व आराझाप गावांजवळ मिळून सुमारे २२० हेक्टर क्षारपड जमीन या किड्यासाठी राखून ठेवली. हजारो हेक्टरांतले उरले ते एवढे.

गेल्या वीसेक वर्षांत मैदानात मत्स्यशेतीसाठी शेकडो बोअर घेतले गेले. डोंगरातून आलेले ते गार, स्वच्छ, आपोआप उसळणारे पाणी माशांना फार मानवते. उसळी मारणाऱ्या पाण्याचे क्षेत्र त्यामुळे झपाट्याने आकसले. सरकारने काही बोअर बंदही केले. पाण्याची पातळी खाली गेली की क्षार वर चढत नाहीत, क्षार गेले की ते खारट गवत दुसऱ्या गवताला जागा देते, आणि गवत गेले की सप्टेंबरच्या पहाटे माती उकरून वर यायला कुणी उरत नाही.