गुणसूत्र हरवणाऱ्या आणि बऱ्या होणाऱ्या पेशी

लहान मुलाच्या रिपोर्टवर ‘मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम’ (एमडीएस) असं आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: केमो कधी सुरू करायची? एमडीएसमध्ये मात्र नुसत्या केमोने आजार मुळापासून जात नाही. काही मुलांना तर सुरुवातीला फक्त तपासण्या करत नजरेखाली ठेवतात.

या आजारात अस्थिमज्जेतल्या मूळपेशी धड रक्तपेशी तयार करत नाहीत. मूल फिकं पडतं, अंगावर काळेनिळे डाग उठतात. एरवी हा म्हातारपणाचा आजार. मुलांमध्ये तो दहा लाखांत दरवर्षी जेमतेम एक ते चार जणांना होतो आणि बिघाड अनेकदा जन्मजात असतो.

असा बिघाड ज्यांच्यात होतो त्यातली एसएएमडी९ आणि एसएएमडी९एल ही जनुकं फार विलक्षण. सातव्या गुणसूत्रावर ती शेजारी शेजारी असतात आणि पेशीच्या वाढीला ब्रेक लावतात. जन्मजात बिघाडामुळे हा ब्रेक दाबलेलाच राहतो, मज्जा मंदावते. अशात विभाजनाच्या वेळी एखाद्या पेशीकडून ते बिघडलेलं सातवं गुणसूत्र अख्खंच गळून पडतं. ब्रेक सुटतो आणि तिची पिलावळ मज्जा भरून टाकते. पण त्या गुणसूत्रावरची इतर शेकडो जनुकंही अर्धी झालेली असतात, त्यामुळे पुढे ल्युकेमियाचा धोका वाढतो. दुसऱ्या एखाद्या पेशीत मात्र बिघडलेल्या तुकड्याच्या जागी जोडीदार गुणसूत्राच्या निरोगी तुकड्याची नक्कल बसते. ही वंशावळ जिंकली तर रक्त आपोआप सुधारू शकतं. (अशाच एखाद्या मुलाला कुणी पपईच्या पानांचा रस दिलेला असला, की श्रेय रसाला!)

म्हणून प्रकृती स्थिर असलेल्या अशा लहान मुलांत डॉक्टर कधीकधी थांबतात, मज्जा पुन्हा तपासतात. मज्जेत पेशी विरळ असतील, सातवं गुणसूत्र शाबूत असेल आणि जुळणारा दाता नसेल, तर एटीजी व सायक्लोस्पोरिन ही औषधं देऊन प्रतिकारशक्ती दाबून बघतात. बाकी बहुतेकांना मूळपेशी-प्रत्यारोपण हाच पक्का इलाज. गाटा-२ जनुकाच्या बिघाडात सातवं गुणसूत्र गेलं असेल, तर प्रत्यारोपणाला उशीर करत नाहीत.

जन्मजात बिघाड असेल तर खासगी पेढीत पैसे भरून जपलेलं मुलाचं स्वतःचं नाळेचं रक्त इथे कुचकामी. त्यातही तोच बिघाड असतो. भावंडाचा एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवून बघतात ती पेशींवरची ओळखखूण) जुळण्याची शक्यता चारात एक. तो जुळला तरी भावंडाची जनुकतपासणी आधी करावी लागते, कारण तेही वरून ठणठणीत दिसत असताना तोच बिघाड बाळगून असू शकतं.