स्वे बार काढला की गाडी मऊ होते? छे!

ऑफरोडवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच सल्ला फिरतोय, पुढचा स्वे बार काढून गॅरेजात टाक, सस्पेन्शन एकदम लोण्यासारखं होतं. अहो, हा बार (गॅरेजवाले ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात तो) म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा पीळ खाणारा दांडा, वळणावर गाडी फार झुकू नये म्हणून लावलेला. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदमच वर जातात तेव्हा तो नुसता फिरतो, पीळच पडत नाही, मग मऊपणा येणार कुठून? तो स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरचा विषय.

हां, एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असेल तर मात्र तो आडवा येतो, चाक हवेत लटकतं. म्हणूनच २००७ पासून जीप रँग्लर रुबिकॉनला बटणाने पुढचा बार सोडायची सोय आहे, पण साधारण ताशी २९ किमीच्या वर वेग गेला की तो आपोआप परत जोडला जातो. कंपनीनेच कायमचा काढलेला नाही, बघा!

त्यात रुबिकॉनला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच आडव्या कण्यावर, म्हणून फरक जाणवतो. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) असेल तर चाकाची हालचाल मुळातच कमी, फायदाही तेवढाच. आणि लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) टाकून शिवाय बारही काढलेली गाडी ताम्हिणीच्या वळणावर कशी झुकते ते एकदा शेजारच्या सीटवर बसून बघा, मी दाराचं हँडल सोडलंच नव्हतं.